हार्डवेअर वॉलेट पहिल्यांदा वापरताना: यंत्रापेक्षा शब्द जपा

लातूरमध्ये ओळखीपाळखीतून माझ्याकडे क्रिप्टोच्या शंका घेऊन येणाऱ्यांत क्लासमध्ये शिकवणारे तरुण असतात, आडतीवर हिशेब पाहणारे असतात आणि पुण्यात नोकरीला असलेले, दिवाळीला गावी आलेले अभियंतेही असतात. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची किल्ली सांभाळणारे छोटे यंत्र, नुकतेच हातात पडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: ‘आता आपले कॉइन या यंत्रात कसे टाकायचे?’ पुढे होणाऱ्या बहुतेक नुकसानीचे मूळ या प्रश्नातच असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

कॉइन यंत्रात जात नाहीत. सातबारा तुमच्या कपाटात असतो म्हणून शेत काही कपाटात येत नाही. ते शिवारातच असते आणि कोणाच्या नावावर किती क्षेत्र आहे याची नोंद दफ्तरात असते. बिटकॉइनचेही तसेच आहे. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षरे-आकड्यांच्या ओळीवर, किती शिल्लक आहे याची नोंदवही (ब्लॉकचेन, म्हणजेच साखळी) जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते, आणि त्या नोंदीत फेरफार करायचा तर त्या पत्त्याच्या खासगी किल्लीने केलेली सही लागते. हार्डवेअर वॉलेट ती किल्ली सांभाळते, सही आतल्या आत करते आणि केवळ झालेली सही संगणकाकडे पाठवते. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. ही किल्ली मात्र १२, २० किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या एका संचातून तयार होते, आणि तो संच ज्याच्याजवळ आहे त्याला तुमच्या यंत्राची गरजच उरत नाही. यंत्र विहिरीत पडले तरी शब्द शाबूत असतील तर सर्व काही परत मिळते. शब्द दुसऱ्याने पाहिले तर यंत्र तिजोरीत कुलूपबंद असूनही शिल्लक जाते.

क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये हा या लेखाचा विषय नाही. ज्यांच्याकडे ते आहे, आणि गेले तर घर हलेल इतके आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. दोन-पाच हजारांची हौस असेल तर काही हजार रुपयांचे यंत्र घेण्यात अर्थ नाही. मोठी रक्कम एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइन घेण्या-विकण्याच्या ॲपवर, ठेवली तर काय होऊ शकते हे जुलै २०२४ मध्ये अनेकांनी सोसले आहे. त्या महिन्यात वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांना आपलेच पैसे काढता येईनात. किल्ली स्वतःकडे घेतली की तो धोका टळतो, पण त्याबरोबर ‘पासवर्ड विसरलात का?’ हे बटणही कायमचे जाते. ही जबाबदारी पेलणार असाल तरच पुढे वाचा.

घेताना

सर्वांत आधी हे पाहा की तुम्ही ज्या ॲपवर कॉइन घेतले आहेत ते बाहेरच्या वॉलेटवर पाठवू देते का. काही ॲपवर खरेदी-विक्री होते, पण कॉइन बाहेर काढण्याची मुभा नसते; मग यंत्र घेऊन उपयोग नाही.

ट्रेझर हे चेक प्रजासत्ताकातल्या प्रागमध्ये जन्मलेले, २०१४ पासून बाजारात असलेले यंत्र आहे, लेजर फ्रान्सचे आहे, बिटबॉक्स स्वित्झर्लंडचे आहे. यांपैकी कोणते घ्यावे यावर तासन्तास चर्चा चालते. नवख्या माणसाने त्यात अडकू नये, कारण कुठून घेतले याला कोणते घेतले यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्या संकेतस्थळावर ज्यांची नावे दिली आहेत अशा विक्रेत्यांकडूनच घ्यावे. वापरलेले यंत्र मित्राने फुकट दिले तरी पहिले म्हणून घेऊ नये. डब्यात शब्द आधीच छापलेला किंवा खरवडून पाहण्याचा कागद निघाला, तर ते यंत्र त्याच क्षणी बाजूला ठेवावे. खरे यंत्र शब्द घेऊन येत नाही, ते तुमच्यासमोर नव्याने तयार करते. छापलेले शब्द ज्याने छापले, शिल्लक त्याची.

मागवताना शक्य असेल तर घरचा पत्ता टाळावा. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि त्यात दोन लाखांहून अधिक लोकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक उघड झाले. त्यानंतर काहींच्या घरी कंपनीच्या नावाने पत्रे आली, तर काहींना बनावट यंत्रेसुद्धा टपालाने आली. आपल्याकडे तर कुरिअरवाला गल्लीत चार जणांना विचारतच येतो. दुकानाचा किंवा कार्यालयाचा पत्ता बरा.

पहिली मांडणी

आपल्याकडे नवा मोबाइल घेतला की दुकानदारच खाते काढून, पासवर्ड घालून तो सुरू करून देतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. हार्डवेअर वॉलेटच्या बाबतीत ही सवय घराबाहेर ठेवा. ज्याच्यासमोर शब्द उमटले, तो त्या शिल्लकीचा भागीदार झाला असे समजा. माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांना मी सर्व पायऱ्या तोंडी समजावून सांगतो आणि शब्द दिसण्याची वेळ आली की खोलीबाहेर जातो. तुम्हाला शिकवणारा माणूस त्या वेळी उठत नसेल, तर मांडणी तिथेच थांबवा.

निवांत वेळ ठरवा. दार लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि दुकानात मांडणी करत असाल तर सीसीटीव्हीचा रोख कुठे आहे ते पाहा. लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला असावा, कारण पहिल्याच वेळी यंत्रातले फर्मवेअर, म्हणजे त्याची मूळ प्रणाली, भरावी किंवा अद्ययावत करावी लागते आणि ते चालू असताना वीज गेली किंवा केबल निघाली तर काम अर्धवट राहते. भारनियमनाचे वेळापत्रक पाठ असलेल्या गावात हे वेगळे सांगायला नको.

यंत्रासोबत वापरायचे कंपनीचे ॲप संगणकावर उतरवताना गुगलवर नाव टाकून पहिल्या दुव्यावर जाऊ नका, कारण वरचे दुवे पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. डब्यातल्या माहितीपत्रकावरचा पत्ता अक्षर न अक्षर स्वतः टाइप करा. अधिकृत स्टोअरवर दिसले म्हणून ॲप खरे, असेही धरू नका. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरच लेजरच्या नावाचे बनावट ॲप आले होते आणि त्यात लोकांचे काही लाख डॉलर गेले. ॲप सुरू झाल्यावर ते यंत्र अस्सल आहे का याची तपासणी करते, ती पूर्ण होऊ द्या.

मग यंत्र दोन पर्याय देते: नवे वॉलेट तयार करायचे, की जुने परत आणायचे. नवे निवडा. पिन ठरवताना जन्मसाल, गाडीचा क्रमांक आणि एटीएमचा पिन हे तिन्ही वगळा. लेजरवर पिन तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकते, तर ट्रेझरवर त्याहून अधिक वेळा चुकल्यावर पुसले जाते. यात घाबरण्यासारखे काही नाही, शब्द जवळ असले की पुसलेले यंत्र पुन्हा उभे करता येते.

यानंतर यंत्राच्या पडद्यावर शब्द एकामागून एक दिसू लागतात. ते ज्या यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द आहेत आणि ती २०१३ मध्ये ठरलेल्या एका खुल्या मानकाचा भाग असल्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर तयार झालेले शब्द बहुतेक दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवरही चालतात. ट्रेझरची नवी यंत्रे मात्र २० शब्दांची निराळी पद्धत वापरतात, तिची यादीही निराळी आहे. म्हणून कोणत्या यंत्रावर शब्द घेतले तेही कागदावर लिहून ठेवा. शब्द इंग्रजीतच, मोठ्या लिपीत, क्रमांकासह लिहा. एका गृहस्थांनी ते सोयीसाठी मराठी उच्चाराने देवनागरीत लिहिले होते आणि सहा महिन्यांनी स्पेलिंग लावताना त्यांचा अर्धा दिवस गेला. क्रम बदलला तरी वॉलेट बदलते, त्यामुळे लिहून झाल्यावर पहिल्या शब्दापासून पुन्हा एकदा ताडून पाहा.

शब्द कशावर आणि कुठे

महत्त्वाचा कागद हाती आला की त्याची झेरॉक्स काढायची, लॅमिनेशन करून घ्यायचे, मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवायचा, ही आपली रीत आहे. जमिनीच्या कागदांसाठी ती चांगलीच आहे. शब्दांच्या कागदासाठी यातली एकही गोष्ट करू नका. फोटो काढला की तो पुष्कळदा आपोआप क्लाउडवर जातो, आणि फोटोंमधला मजकूर वाचून असेच शब्द शोधणारी चोरटी ॲप आता आहेत. कीबोर्ड, कॅमेरा, प्रिंटर आणि झेरॉक्सचे यंत्र, यांपैकी कशाचाही या शब्दांशी संबंध येता कामा नये.

कागदाचेही भरवशाचे नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझे पहिले शब्द मी जेल पेनने वहीच्या पानावर लिहून गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घड्यांखाली ठेवले होते. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा पानाच्या खालच्या कोपऱ्यात शाई फुटली होती आणि तीन शब्दांच्या जागी निळसर डाग पसरला होता. पान खिडकीच्या उजेडात तिरके धरल्यावर प्रत्येकाची पहिली चार अक्षरे तेवढी कशीबशी लागली, आणि तेवढीच पुरली, कारण २०४८ शब्दांच्या त्या यादीत कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नाहीत. त्याच दिवशी नवा संच तयार करून मी शिल्लक हलवली.

तेव्हापासून मी स्टीलवर लिहितो. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरे ठोकण्याच्या पंचांचा संच मिळतो आणि दोनेक मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा तुकडा कोणत्याही वर्कशॉपमध्ये कापून मिळतो. पत्रा लोखंडी ठोकळ्यावर किंवा सपाट दगडावर ठेवावा, पट्टीने आडव्या रेषा आखाव्यात, एका टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्यावा आणि मग प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे एकेका ठोक्याने उमटवावीत. चोवीस शब्दांना जास्तीत जास्त ९६ अक्षरे लागतात, क्रमांक वेगळे. पंच उभा सरळ धरला नाही तर अक्षराची एक बाजू उठत नाही, म्हणून घाई करू नये. भांड्यांवर नावे घालून देणाऱ्याकडे यंत्र असते आणि त्याचे अक्षरही सुबक असते, पण हे काम त्याच्याकडे देऊ नका. शब्द त्याच्या डोळ्यांखालून जातील. पत्रा दुकानातून आणा, ठोकणे घरी, स्वतः.

एकच प्रत, एकच जागा, असे आपल्या भागात तरी कोणी करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि उमरगा परिसरातली दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली आणि जे वाचले त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही उरले नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, जालना, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत घरांमध्ये पाणी शिरले आणि कपाटांतले कागद लगद्यासारखे झाले. म्हणून दोन पत्रे करा आणि एक घरी, तर दुसरा निराळ्या गावात, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पहिले बारा शब्द इथे आणि उरलेले बारा तिथे अशी विभागणी चतुर वाटते, पण त्यात दोनपैकी एक तुकडा गेला तरी सर्व जाते; पूर्ण संचाच्या दोन प्रती केव्हाही बऱ्या.

काही यंत्रांवर शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक गुप्त शब्द, म्हणजे पासफ्रेज, लावण्याची सोय असते. नवख्यांनी पहिले काही महिने तिच्या वाट्याला जाऊ नये. पासफ्रेजमध्ये एक अक्षर चुकले तर यंत्र चूक दाखवत नाही, शांतपणे एक वेगळेच, रिकामे वॉलेट उघडून देते, आणि माणसाला वाटते की चोरी झाली.

पैसे टाकण्याआधी पुसून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच आहे. मांडणी पूर्ण झाल्यावर, पण वॉलेटवर एक रुपयाही आला नसताना, ॲपमध्ये ‘रिसीव्ह’ हा पर्याय घेऊन बिटकॉइनचा पहिला पत्ता यंत्राच्या पडद्यावर पाहा आणि वहीत उतरवून घ्या. पत्ता उघड झाला तरी त्यावरून पैसे काढता येत नाहीत. मग यंत्राच्या सेटिंगमधून ते पूर्ण पुसा. आता ते कारखान्यातून आल्यासारखे कोरे होईल. या वेळी ‘जुने परत आणा’ हा पर्याय निवडा आणि कागदावरून नव्हे तर ठोकलेल्या पत्र्यावरून वाचत शब्द यंत्राच्याच बटणांनी किंवा पडद्यावर भरा. पुन्हा पहिला पत्ता काढा. वहीतला आणि हा एकच असेल तर तुमची प्रत खरी आहे. वेगळा आला तर कुठेतरी शब्द किंवा क्रम चुकला आहे, आणि ही चूक फुकटात सापडली आहे. नवा संच तयार करून पहिल्यापासून सुरू करा. अर्ध्या तासाचे काम आहे. मी ज्यांना शिकवतो त्यांनी हे करून दाखवल्याशिवाय पुढचे सांगत नाही.

पहिला व्यवहार

एक्स्चेंजवरून काढताना नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या साखळीवरून जाणार ती, नीट निवडा. एकच टेथर कॉइन इथेरियमवरही असतो आणि ट्रॉनवरही असतो. ज्या नेटवर्कचा पत्ता दिला त्याच नेटवर्कवरून पाठवले पाहिजे. पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर तो पुन्हा ताडून पाहा, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. ताडताना संगणकाचा पडदा प्रमाण मानू नका. यंत्राच्या छोट्या पडद्यावर जे दिसते तेच प्रमाण. सुरुवातीची आणि शेवटची चार-चार अक्षरे जुळली एवढ्यावर थांबू नका, कारण नेमकी तीच अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम तयार करून तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत सोडले जातात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तिथून चुकीचा पत्ता उचलावा. पूर्ण पत्ता वाचा. आधी लहान रक्कम पाठवा, ती पोहोचल्याचे पाहा, त्यातली थोडी परत एक्स्चेंजवर पाठवून सही करण्याचा सराव करा आणि मगच उरलेली रक्कम हलवा. दोनदा शुल्क जाईल, ते जाऊ द्या.

प्रत्येक हालचालीची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक वहीत लिहा. स्वतःच्याच वॉलेटवर कॉइन हलवणे ही विक्री नव्हे, पण पुढे विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. खरेदीचा पुरावा नसेल तर नफा किती हेच सिद्ध करता येत नाही. सीएकडे जाताना ही वही सोबत न्या.

सही करण्याआधी वाचा

कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा उठवून घेणाऱ्या सावकाराच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. हार्डवेअर वॉलेटवरही तसाच अंगठा उठवला जाऊ शकतो. इथेरियमसारख्या साखळ्यांवर एखादे संकेतस्थळ सही मागते तेव्हा यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदा अर्थ न लागणारी अक्षरे-आकड्यांची रांग दिसते, आणि माणूस ‘मंजूर’चे बटण दाबतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली ती अशाच सह्यांमुळे. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात मंजुरी दुसऱ्याच गोष्टीला जात होती आणि ती हार्डवेअर वॉलेटने दिली जात होती. रक्कम आणि पत्ता यंत्रावर वाचता येत नसेल तर सही करू नका. साठवणुकीचे वॉलेट कोणत्याही संकेतस्थळाला जोडू नका. प्रयोग करायचेच असतील तर त्यासाठी निराळे, लहान रकमेचे वॉलेट ठेवा.

शब्द मागणारा फोन, ईमेल, पत्र, क्यूआर कोड किंवा ‘वॉलेटची पडताळणी’ करायला लावणारे संकेतस्थळ यांना उत्तरच देऊ नका. कोणत्याही खऱ्या कंपनीच्या सेवा विभागाला तुमचे शब्द लागत नाहीत. चुकून ते कोणाला दिसले किंवा कुठे टाइप झाले, तर पिन बदलून काही होत नाही, कारण चोराला पिन लागतच नाही. त्याच तासाला, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर, नवा संच तयार करून सर्व शिल्लक तिकडे पाठवावी लागते. चोरी झालीच असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा, मात्र झालेला व्यवहार साखळीवरून मागे फिरवता येत नाही, हे गृहीत धरूनच वागा.

घरच्यांना

तुमच्या पश्चात घरच्यांना त्या पत्र्याचा अर्थच कळला नाही, तर तो भंगारात जाईल. इथे वारसनोंदीचा अर्ज घेऊन जाण्यासारखे कोणतेही कार्यालय नाही. पत्नी, पती किंवा जाणत्या मुलांपैकी एकाला तरी असे काही आहे आणि प्रती कुठे आहेत हे सांगा. एका पाकिटात साध्या मराठीत लिहून ठेवा: कोणत्या कंपनीचे यंत्र आहे, ते कुठे आहे, शब्दांचे पत्रे कुठे आहेत, घाई करू नये, शब्द कोणालाही फोनवर सांगू नयेत, आणि मदतीला कोणत्या दोन माणसांना एकत्र बोलवावे. मृत्युपत्रात या मालमत्तेचा उल्लेख करा, शब्द मात्र त्यात लिहू नका, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हाती जाते. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर दुसरे नाव लावून घ्या.

दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी दोन्ही पत्रे एकदा बाहेर काढा, अक्षरे वाचता येतात का पाहा आणि यंत्र जोडून ते सुरू होते का बघा. फर्मवेअर अद्ययावत करायचे असेल तर त्याच वेळी, पत्रा हाताशी ठेवून करा. पाकिटातल्या मजकुरात काही बदलले असेल तर ते दुरुस्त करून तारीख घाला आणि पाकीट पुन्हा जागेवर ठेवा.